ज्या घरची गादी, त्या घरची सरकी

जफर पिंजाऱ्याने आयुष्यात अकरा प्रशिक्षणं घेतली. शाळेत तो चौथीपर्यंतच गेला होता, त्यामुळे त्याचं पुढलं सगळं शिक्षण सरकारने आणि संस्थांनी मिळून केलं असं म्हणायला हरकत नाही. मेणबत्त्या, खडू, शेळीपालन, संगणकाची तोंडओळख. महिला बचत गटाचं व्यवस्थापनही तो शिकला, कारण त्या दिवशी हजेरीपटावर एक नाव कमी पडत होतं आणि जफर समोरून चालला होता. आमच्या उमरखेडला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्याच महिन्यात त्याला अळिंबीची, म्हणजे मशरूमची, लागवड शिकवली. अळिंबीला थंडगार, अंधारी जागा लागते असं साहेबांनी सांगितल्यावर जफर म्हणाला, "तशी जागा सापडली त पह्यले मीच जाऊन झोपीन ना साहेब."

हे मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे त्याच्या दुकानाला लागून माझा टायपिंगचा क्लास होता. संगणक आले आणि माझ्या बारा मशिनी भंगारवाल्याने वजनावर नेल्या. त्यामुळे जगाच्या प्रगतीबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे, हे आधीच सांगून टाकतो. क्लास गेला पण खुर्ची राहिली. इंग्रजी पत्र आलं की लोक अजूनही माझ्याकडे येत आणि मी ते चष्मा पुसून वाचून देई. त्यात फुकटचा मान होता आणि मला तो आवडत असे.

जफरचा बाप धनुकलीवर कापूस पिंजायचा. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडाने ठोके पडू लागले की सगळ्या गल्लीला ते ऐकू जाई. जफरने तरुणपणी विजेवरचं पिंजण्याचं मशीन आणलं. ते कसं चालवायचं हे त्याला कोणी शिकवलं नाही, तो आपला आपण शिकला, म्हणूनच बहुधा ते त्याला नीट आलं. धनुकली त्याने चुलीत घातली. जमान्याबरोबर चालावं म्हणतात, तो चालला. त्याची बायको सुग्राबी खोळी शिवायची, कडेचे टाके घालायची. तिचा टाका असा की गादी फाटेल पण टाका निघणार नाही, असं पुसद-महागावपर्यंत लोक सांगत. नवराबायकोच्या त्या दुकानावर वीस वर्षं घर नीट चाललं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, पाऊस फिरला, आणि आमच्या जिल्ह्यात पांढऱ्या गाड्यांची रहदारी एकदम वाढली. दिल्लीचे आले, मुंबईचे आले, कॅमेरेवाले आले. बांधावर उभं राहून माना हलवून गेले. जाताना प्रत्येकजण एक सल्ला मात्र न चुकता देऊन जाई: शिका. जागतिकीकरणाच्या युगात माणसाने आयुष्यभर शिकत राहिलं पाहिजे. सांगणाऱ्या साहेबांनी स्वतः शेवटचं काय आणि कधी शिकलं होतं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आणि मजा पाहा. चारही दिशांना कापूस, आणि बाजारात विक्री फोमच्या गादीची. लग्नात पोरीला फोमची गादी दिली नाही तर व्याही तोंड वाकडं करू लागले. ज्याच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला, तोही फोमवर झोपून पाठ धरून उठायला लागला. फोमचं दुकान जफरच्या बरोबर समोर, आणि मालक त्याचा सख्खा पुतण्या रिजवान. पोरगा वाईट नव्हता. एक दिवस तो येऊन मर्यादेने म्हणाला, "चाचा, हे दुकान मले गोडाऊनले द्या. मशीन विकून टाका. तुम्ही माह्या काउंटरवर बसा, पंख्याखाली. लोक तुमाले ओळखतेत."

"विचार करून सांगतो," जफर म्हणाला. घरी सुग्राबीने विचार केला नाही. तिने सरळ "नाही" म्हणून सांगितलं.

अशात २००६ च्या पावसाळ्यात प्रेरणा मॅडम आल्या. यवतमाळच्या एका संस्थेत नोकरीला, वय सव्वीस, पायात बूट, पाठीवर पिशवी. अमेरिकेतल्या एका दुकानाला हाताने भरलेल्या सेंद्रिय कापसाच्या गाद्या हव्या होत्या. त्या दुकानाने ते काम बंगलोरच्या कंपनीला दिलं, कंपनीने पुण्याच्या एका फर्मला, फर्मने यवतमाळच्या संस्थेला. संस्थेच्या खाली आता फक्त जफर होता आणि त्याच्याखाली जमीन. दूध वरून खाली येईपर्यंत प्रत्येकाने आपापली साय काढून घेतलेली, पण तरीही जफरला जे मिळणार होतं ते इथल्या भावापेक्षा बरं होतं. पहिल्या खेपेला चाळीस गाद्या. त्या पसंत पडल्या की दर महिन्याला चाळीस.

मी कागद वाचून दाखवले. जफरने दोनदा वाचायला लावले. मग तो रस्ता ओलांडून रिजवानकडे गेला आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांब बेटा. दुसरी आर्डर आली त दुकान माह्यंच राहीन. नाही आली त तुह्यं गोडाऊन." रिजवान हो म्हणाला. इतका सरळ सौदा मी पुढल्या सगळ्या प्रकरणात दुसरा पाहिला नाही.

आता काम सुरू व्हायला हवं होतं. पण त्याआधी प्रशिक्षण. तीस वर्षं गाद्या भरणाऱ्या माणसाला गादी कशी भरावी हे शिकवायला आठ दिवस ठरलेले होते. प्रेरणा मॅडमजवळ छापील पुस्तिका होती. पहिल्याच पानावर अडचण आली. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला मशीनवर पिंजलेला कापूस नको होता, धनुकलीवरचा हवा होता.

"मॅडम, धनुकली त जुनी झाली. मी तिले जाळलं," जफर म्हणाला.

"काका, तीच तर त्यांना हवी आहे. परंपरा."

"मंग मशीन काहून घ्यायले लावलं होतं आमाले?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. जफरने सुताराकडून नवी धनुकली करून घेतली, बापाचा हात आठवून आठवून ठोके मारले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पुढे जायचं म्हणून, तीस वर्षं मागे गेला. चौथ्या दिवशी हात बसला. सुग्राबी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा बसले असं वाटून राह्यलं." मला त्या प्रशिक्षणाचा राग आला होता, पण तेवढ्या एका दिवसापुरता गेला.

मग बाकीचे धडे. डोक्याला टोपी घालायची. दुकानात विडी नको, केस नको, प्लास्टिकची सुतळी नको, रंगीत धागा नको. प्रत्येक गादीला जफरचा हसरा फोटो असलेली चिठ्ठी टाचायची. जफर दातांमुळे सहसा हसत नसे, पण हसण्याचाही अर्धा तास सराव झाला. मॅडम मनापासून शिकवत. जेवायच्या वेळी सुग्राबीजवळ बसून टाका शिकत आणि बोटाला सुई टोचून घेत. त्यांना सगळं विचारायचं असे आणि त्यांनी सगळं विचारलं, एक सोडून. ते एक विचारण्यासारखं आहे हे त्यांना कळणार कसं?

गादी भरून झाली, शेवटचं टोक शिवायचं राहिलं, की जफर हात धुऊन येई, मनात बिस्मिल्लाह म्हणे आणि पाच सरक्या गादीच्या बरोबर मध्यावर सरकवून तोंड शिवून टाकी. सरकी म्हणजे कापसाचं बी. ही त्याच्या आजापासूनची रीत. ज्या घरची गादी, त्या घरची सरकी. लग्नाच्या गादीसाठी कापूस घेऊन येणारे लोक, हिंदू असोत की मुसलमान, आपल्या शेतातल्या पाच सरक्या पुडीत बांधून आणत. त्या घरचं पीक आणि त्या घरची लेकरं घरातच फळावीत, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला शेती नाही त्याच्यासाठी जफर त्याच्या गावच्या शेतातून मागून आणी, पण परक्या घरची सरकी कधी घालत नसे. आणि हे करताना बोलायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. आमच्याकडच्या माणसाला ती ठाऊकच असते, पण बाहेरच्याला सांगितली की बरकत जाते.

चाळीस गाद्या भरून झाल्या, फक्त शेवटची टोकं शिवायची राहिली, मॅडम मोजमाप तपासून यवतमाळच्या बसने गेल्या, आणि जफर माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"मास्तर, एक अडचण हाये. या लोकायच्या घरची सरकी कुठून आणू?"

मी म्हटलं, "नको घालूस. त्यांना काय कळतंय."

"त्यायले नाही कळत, मले त कळते ना. बिना सरकीची गादी मी आजवर कोणाले दिली नाही. गिऱ्हाईक दूरचं हाये म्हणून त्याले कमी द्यायचं का?"

फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा धावजी खोळीचं माप द्यायला आला होता, तो मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि हसला. "अरे जफरभाई, इतका कायले विचार करतं? माह्या घरी पडून हाये ना अमेरिकेची सरकी." दोन वर्षांपासून सगळ्यांनी घेतलेलं ते नवं बियाणं, ज्याला म्हणे बोंडअळी लागत नाही. जिथे उगवलं नाही तिथे पुन्हा टोबण्यासाठी ठेवलेलं अर्धं पाकीट धावजीकडे उरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ते आणून दिलं.

जफरने पाकीट माझ्यासमोर ठेवलं. "मास्तर, वाचून सांगा. खरंच त्यायच्या घरचं हाये का?"

मी चष्मा पुसला. वर इथल्याच कंपनीचं नाव होतं, पण खाली बारीक अक्षरांत तंत्रज्ञान अमेरिकेचं असल्याचं लिहिलेलं होतं. सेंद्रियवाल्यांना या बियाण्याचं वावडं असतं हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्या घडीला मात्र ते डोक्यात आलं नाही, फुकटच्या मानाने डोकं भरलेलं होतं. मी म्हटलं, "हो, त्यांच्याच घरचं आहे."

जफरचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाळीस गाद्यांत पाच-पाच दाणे गेले. औषध चोळलेले, गुलाबी रंगाचे. सातासमुद्रापलीकडल्या अनोळखी माणसाच्या घरी पीकपाणी नांदावं म्हणून आमच्या उमरखेडात एका माणसाने चाळीस वेळा हात आत घातला. ट्रक गेला तेव्हा सुग्राबीने दुआ मागितली.

दोन महिन्यांनी, दिवाळी महिन्याभरावर असताना, प्रेरणा मॅडम आल्या. या वेळी पाठीवर पिशवी नव्हती, हातात छापलेली पत्रं होती. त्यांनी ती जफरला न देता माझ्या हातात दिली. "सर, तुम्हीच वाचा," म्हणाल्या.

मी वाचलं. अमेरिकेच्या बंदरावर तपासणीत एक गादी फाडून पाहिली. आत कापसाचं बी सापडलं. तपासलं तर ते जनुक बदललेलं बी, त्यावर विषारी औषधाचा लेप, आणि गादीवर चिठ्ठी शंभर टक्के सेंद्रिय असल्याची. मग दुसरी फाडली. त्यातही पाच. सगळ्या चाळीस फाडल्या. प्रत्येकीत मोजून पाच, बरोबर मध्यावर. एकदोन दाणे इकडेतिकडे सापडले असते तर निष्काळजीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण इतकी शिस्त पाहून तिथले अधिकारी हादरले. हा ठरवून केलेला प्रकार आहे, मागे कोण आहे त्याचा शोध घ्यावा, असं बंगलोरच्या साहेबांनी लिहिलं होतं. त्यांच्या चौकशीत जफरचा आजा सापडणं काही शक्य नव्हतं. शेवटची ओळ अशी की परकं आणि धोकादायक बियाणं देशात शिरू नये म्हणून सर्व माल नष्ट केला आहे.

"नष्ट म्हणजे?" सुग्राबीने विचारलं.

"जाळला," मी म्हणालो.

"चाळीसच्या चाळीस?"

मी मान हलवली. मग जफरने, आयुष्यात पहिल्यांदा, बाहेरच्या माणसाला सरकीची रीत सांगितली. आजाचं नाव, पाचच दाणे का, त्यांच्या घरचं बी शोधायला किती अडलं, सगळं. मॅडम ऐकत राहिल्या. "मॅडम, त्यायच्याच घरचं होतं ते," तो शेवटी म्हणाला. "मास्तरनं वाचून पाह्यलं. आपल्या घरच्या बीले कोणी परकं म्हणते का?"

मॅडमनी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि हे सगळं इंग्रजीत सांगितलं. मला कळत होतं, चांगलं सांगितलं. पलीकडून कोणीतरी एवढंच विचारलं की या पुरवठादाराचं प्रशिक्षण कोणी पूर्ण झाल्याचं लिहून दिलं होतं. मॅडमनी आपलं नाव सांगितलं.

इथे मला राग लिहून टाकू द्या. तेच बी आमच्या लाखो एकरांत उतरलं तेव्हा त्याचं नाव प्रगती होतं. त्यातले दोनशे दाणे माघारी गेले तर त्याचं नाव धोका. येताना जाहिरातीच्या गाडीवर बसून, गाणी लावून आलं, जाताना भट्टीत गेलं. आणि यातला एक दोष माझा, हे मी कबूल करतो. जफरने मला विचारलं होतं आणि मी मान मिळतो म्हणून शहाणपण दाखवलं होतं.

दुसरी ऑर्डर अर्थात आली नाही. ती दुसऱ्या एका देशाला गेली, जिथे मजुरी आमच्याहून स्वस्त आहे असं कळलं. आमच्याहून स्वस्त कोणी असतं ही माहिती उमरखेडला नवी होती. मात्र तिकडल्या कामगारांना धनुकली धरता येत नव्हती. म्हणून पुण्याहून दोघे कॅमेरा घेऊन आले. जफरने सगळं करून दाखवायचं, ते चित्रण तिकडे दाखवून लोकांना शिकवणार. मी जफरला बाजूला घेऊन म्हटलं, "नाही म्हण. हे तुझ्याच पोटावर पाय देणं आहे."

"मास्तर, शिकवायले नाही म्हणत नसते," तो म्हणाला. "त्यायचे बी लेकरं असतीन."

दोन दिवस त्याने ठोके मारले, कापूस फुलवला, खोळ भरली. सुग्राबीचे हात जवळून टिपले. चेहरा नको, हातच हवेत, असं कॅमेरेवाल्याने सांगितलं. जाताना त्यांनी जफरला मुख्य प्रशिक्षक असं लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं. प्रेरणा मॅडम त्या वेळी आल्या नव्हत्या, त्यांची नोकरी संपली होती. त्या पुढे कुठलीशी परीक्षा देण्यासाठी अभ्यास करू लागल्या असं कानावर आलं. म्हणजे त्याही शिकतच आहेत.

दिवाळी झाल्यावर सोमवारी जफरने किल्ली रिजवानला दिली. मशीन नांदेडचा माणूस घेऊन गेला. सुग्राबी त्या दिवशी दुकानाकडे फिरकली नाही. रिजवानने शब्द पाळला, पंख्याखाली खुर्ची दिली. फोमच्या कंपनीचा माणूस येऊन अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण देऊन गेला: गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, कापसाच्या गादीचे तोटे कुठल्या क्रमाने सांगायचे. जफरने ते पाठ केलं. पाठ करताना मी ऐकत होतो, एकदाही अडखळला नाही.

मार्गशीर्षात फुलसावंगीचे पुंडलिकराव आणि विमलताई पोरीच्या लग्नाची गादी घ्यायला आले. बारा एकरांत कापूस, जुनी ओळख. विमलताईंच्या स्वतःच्या लग्नातली गादी जफरच्या बापाने भरलेली. समोरच्या दुकानाला कुलूप पाहून त्या रिजवानकडे आल्या आणि आत जफरला बघून दारातच थांबल्या.

"जफरभाऊ, तुम्ही इथं?"

"हो ताई. या, बसा."

त्यांनी फोम दाबून पाहिला. तो खाली गेला आणि वर आला. पुन्हा दाबला. "कापसाची नाही का भरून देत आता?"

रिजवान गल्ल्यावरून पाहत होता. जफरने शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. "ताई, कापसाच्या गादीत गाठी होते. ढेकूण होते. दर दोन वर्साले पिंजा लागते, पाठ दुखते." इथपर्यंत छापील होतं. मग तो खाली पाहत म्हणाला, "कापसात आता काही राह्यलं नाही, ताई."

विमलताई वाद घालतील असं मला वाटलं. मी बाहेरच्या पायरीवर बसून त्याचीच वाट पाहत होतो.

"ते त आमाले बी समजलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आमी त पेरतो." आणि त्यांनी पुंडलिकरावांना फोमच्या गादीचं दुसरं टोक धरायला सांगितलं.